जबडा, जिग आणि कारागिराचा हात



कामगारांच्या संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत दातांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा त्यांनाही ते वाटले. बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी सांगितलेला विषय असा : जबड्याच्या हाडात कृत्रिम दाताचे मूळ रोवायचे, आणि ते कोठे, किती खोल व कोणत्या कोनात रोवायचे हे संगणकाकडून आधी ठरवून घ्यायचे, ही विद्या माणसाने कशी मिळविली? मी दंतवैद्य नव्हे. माझे शिक्षण दहावी आणि आयटीआय एवढेच. बाकी जे वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझे बोलणे एका फिटरचे बोलणे म्हणूनच ऐकावे.

हा विषय माझ्या वाट्याला आला तो माझ्याच तोंडामुळे. तंबाखू आणि हयगय या दोघांनी मिळून माझे खालचे दात पन्नाशीच्या आतच घालविले. मी खालची कवळी लावली. वरची कवळी टाळूला धरून बसते; खालचीला बसायला जागा नसते, ती जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उठते. एकदा कारखान्याच्या दारावरच्या सभेत, तीनशे-चारशे माणसांपुढे बोलत असताना, ऐन आवेशाच्या वाक्यात ती सुटली आणि मी तोंडावर हात धरून उभा राहिलो. कोणी हसले नाही. एका पोराने पाण्याची बाटली पुढे केली, दुसऱ्याने घोषणा सुरू केली. माझी लाज त्यांनी झाकली. परंतु ज्याचे सारे काम तोंडावर चालते त्याला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे एका दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी माझ्या जबड्याचे चित्र पडद्यावर फिरवून दाखविले आणि मग टेबलावरचा एक लहानसा पारदर्शक साचा माझ्या हातात ठेवला. तो दुसऱ्या कोणा रुग्णासाठी केलेला होता. हिरडीवर चपखल बसेल असा त्याचा आकार, आणि त्यात बसविलेली धातूची दोन कडी. मी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, हा तर ड्रिल-जिग! आणि ही कडी म्हणजे बुश." ते हसले. म्हणाले, "आम्ही याला गाइड म्हणतो. पण तुम्ही म्हणता तेच हे."

ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाच्या तुकड्यात नेमक्या जागी भोक पाडायचे असेल तर दोन वाटा असतात. एक वाट मार्किंगची. तुकड्यावर रंग लावायचा, स्क्रायबरने रेघ ओढायची, सेंटर पंचाने टिंब मारायचे आणि नजर व हात यांच्या भरवशावर ड्रिल उतरवायचे. दुसरी वाट जिगची. तुकडा एका पेटीसारख्या साच्यात अडकवायचा. त्या साच्यात कडक पोलादाचे बुश बसविलेले असतात. ड्रिल त्या बुशातूनच उतरते, त्याला इकडेतिकडे जाताच येत नाही. पहिल्या वाटेत कारागिराला रेघ चुकल्याचे कळते व तो सावरतो. दुसऱ्या वाटेत काल भरती झालेला मुलगाही शंभर नग सारखे काढतो. संगणकाच्या मार्गदर्शनाने होणारे दंतरोपण म्हणजे माणसाच्या जबड्याला लावलेला जिग होय. मात्र लोखंडाचे शंभर नग एकसारखे असतात आणि जबडे दोनही सारखे नसतात. म्हणून येथे प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र जिग करावा लागतो, आणि तो एकदाच वापरून टाकून द्यावा लागतो. हे परवडण्याजोगे व्हायला विसावे शतक सरावे लागले.

जबडा हा अवयव आम्हा कामगारांच्या इतिहासाला नवा नाही. लंडनच्या बो भागातील आगपेट्यांच्या कारखान्यात १८८८ च्या जुलैमध्ये सुमारे चौदाशे बायका व मुली संपावर गेल्या. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफा किडलेल्या दातांच्या वाटेने हाडात शिरत व जबडा कुजून गळून पडे. त्या मुलींची कैफियत वर्तमानपत्रातून जगापुढे मांडणारी बाई म्हणजे ॲनी बेझंट. पुढे १९१७ मध्ये त्याच आपल्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. १९०६ मध्ये बर्न येथे पांढऱ्या फॉस्फरसच्या आगपेट्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९१३ मध्ये हिंदुस्थानातही तसा कायदा झाला. अमेरिकेत न्यू जर्सीमधील ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांच्याही जबड्याचे हाड झिजले, आणि १९२४ मध्ये त्या दुखण्याला प्रथम नाव दिले ते थिओडोर ब्लम या दंतवैद्याने. कारखान्याने नाकारलेले दुखणे अनेकदा दाताच्या डॉक्टरालाच आधी दिसलेले आहे. आणि मुंबईत, गिरणगावाच्या ऐन मध्यावर, परळला १९४१ मध्ये टाटा रुग्णालय उघडले. तेथे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होऊन जबडा काढावा लागलेली माणसे आमच्यापैकी कितीकांनी पाहिली आहेत. तेव्हा गेलेला जबडा व गेलेला दात परत उभा करणे हा केवळ शोभेचा प्रश्न आहे, असे निदान आम्ही तरी समजू नये.

गेलेला दात परत बसविण्याची हाव जुनी आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास येथे १९३१ मध्ये एक जुना जबडा सापडला. तो इसवी सनाच्या सहाशेच्या सुमाराचा मानतात. त्यात खालच्या पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे ठोकलेले होते, आणि १९७० मध्ये क्ष-किरणांनी पाहता त्यांच्याभोवती हाड वाढलेले आढळले. म्हणजे ते जिवंत माणसाच्या तोंडात बसविलेले होते. युरोपात मात्र वेगळाच व्यवहार चालला. अठराव्या शतकात लंडनमध्ये गरिबाचा दात पैसे देऊन उपटायचा आणि तो ताबडतोब श्रीमंताच्या हिरडीत रोवायचा, अशी रीत पडली. जॉन हंटर हा त्या काळचा थोर शल्यवैद्य. त्याचा दातांवरचा ग्रंथ १७७१ मध्ये निघाला आणि या दात-बदलाला त्याचा पाठिंबा होता. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणात पडलेल्या जवानांचे दात काढून त्यांच्या कवळ्या झाल्या. गरिबाच्या अंगातले जे जे काढून विकता येते ते ते विकले गेले आहे. दातही त्यातून सुटले नाहीत.

उसना दात टिकत नसे, कारण शरीर त्याला परका मानून बाहेर ढकलते. धातूचे खिळे, पट्ट्या, जाळ्या असे नाना प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. बहुतेक ठिकाणी धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ पेशींचा पापुद्रा धरे, खिळा हलू लागे व सुजून निघे. हे कोडे सुटले ते अगदी अनपेक्षितपणे. स्वीडनमध्ये लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा एक तरुण संशोधक हाडात रक्त कसे वाहते याचा अभ्यास करीत होता. त्यासाठी त्याने १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या नळकांड्या बसविल्या आणि त्यांतून सूक्ष्मदर्शकाने रक्तप्रवाह पाहिला. प्रयोग आटोपल्यावर नळकांडी काढू गेला, तो ती निघेना. हाड धातूला बिलगून एकजीव झाले होते. दुसऱ्या एखाद्याने ससा टाकून दिला असता व महागडे नळकांडे वाया गेले म्हणून कपाळावर हात मारला असता. ब्रोनेमार्कने अडचणीलाच प्रश्न विचारला : जे निघत नाही, ते हवे तेथे बसविता येईल काय?

टायटॅनियमविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. १७९१ मध्ये कॉर्नवॉलमधील विल्यम ग्रेगर या पाद्र्याला ओढ्याच्या काळ्या वाळूत एक नवे द्रव्य आढळले. १७९५ मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. परंतु शुद्ध धातू भरपूर मिळू लागला तो विल्हेल्म क्रोल याच्या पद्धतीमुळे, १९४० नंतर; आणि त्याला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते विमानांचे. तीच काळी वाळू केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. या धातूवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, आणि हाडाच्या पेशींची गाठ पडते ती त्या थराशी. त्याला त्या परके मानीत नाहीत.

सशापासून माणसापर्यंत यायला ब्रोनेमार्कला तेरा वर्षे लागली. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात त्याने टायटॅनियमचे स्क्रू बसविले. लार्सनचा जबडा व टाळू जन्मतःच सदोष होते. त्याला खाण्याचे व बोलण्याचे कष्ट होते. ते स्क्रू २००६ मध्ये तो वारेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, टिकले. तरीही स्वीडनमधल्या विद्वान मंडळींनी ब्रोनेमार्कची कित्येक वर्षे टवाळी केली. तो दंतवैद्य नव्हता, हा त्याचा मोठा गुन्हा. १९८२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरविलेल्या परिषदेत त्याचे पुरावे मांडले गेले, तेव्हा जगाने मान तुकविली. हे स्क्रू बनविण्यासाठी त्याने ज्या कंपनीशी हातमिळवणी केली तिचे नाव ऐकून आपण चमकाल. ती बोफोर्स, तोफा ओतणारी. १९८१ मध्ये या कामासाठी तिने वेगळी कंपनीही काढली. स्वित्झर्लंडमध्ये हेच काम हाती घेतलेल्या स्ट्राऊमान संस्थेचा पूर्वेतिहास घड्याळांच्या मिश्रधातूंचा आहे. तोफ आणि घड्याळ घडविणाऱ्या हातांनीच जबड्याचा स्क्रू घडविला. लेथवर धातू बारकाईने कातण्याची विद्या ज्याच्यापाशी, त्याच्याचकडे डॉक्टरला जावे लागले.

स्क्रू मिळाला, पण भोक पाडायचे बाकी होते. येथे मला माझे ड्रिल मशीन आठवते. लोखंडात भोक पाडताना कूलंट सोडले नाही तर ड्रिल जळते; हाडात पाडताना हाडच जळते. गोथेनबर्गच्याच संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, हाडाचे तापमान ४७ अंशांवर एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते. म्हणून धारदार ड्रिल, मंद गती, आणि वरून सलाईनच्या पाण्याची धार. भोक बारीक ड्रिलने सुरू करून पायरीपायरीने मोठे करायचे. हे सर्व नियम कोणत्याही चांगल्या ड्रिलरला तोंडपाठ असतात. त्यानंतर पहिल्या पद्धतीप्रमाणे खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबायचे; तोवर हाड स्क्रूला धरते.

तथापि लोखंडाच्या तुकड्यात नस नसते. खालच्या जबड्याच्या पोटातून एक कालवा जातो व त्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस धावते. ड्रिल दोन मिलिमीटर जास्त उतरले तर खालचा ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. चहा ओघळला तरी कळत नाही. वरच्या जबड्यात नाकाच्या बाजूला हवेची पोकळी असते; तेथे भोक पार गेले की स्क्रू पोकळीत. हाडाची रुंदी किती, हे हिरडीवरून कळत नाही. म्हणजे सर्जन वर्षानुवर्षे जे करीत होता ते मार्किंगशिवायचे ड्रिलिंग होते. तो उत्तम कारागीर होता म्हणून बहुधा निभावत असे.

आत डोकावण्याची पहिली खिडकी उघडली ती १८९५ च्या ८ नोव्हेंबरला, राँटगेनच्या क्ष-किरणांनी. दोन महिन्यांतच जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे ओटो वाल्कहोफ या दंतवैद्याने पंचवीस मिनिटे तोंड उघडे धरून स्वतःच्या दातांचे चित्र काढविले. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्याने ही विद्या अमेरिकेत रुजविली. त्या किरणांनी त्याची बोटे, मग हात गिळला, आणि १९२८ मध्ये असह्य होऊन त्याने आपले जीवन संपविले. आज आपण निर्धास्तपणे क्ष-किरणापुढे उभे राहतो त्याची किंमत अशा माणसांनी मोजलेली आहे. परंतु क्ष-किरणांचे चित्र ही शेवटी सावली. सावलीत उंची कळते, जाडी कळत नाही.

जाडी दाखविली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड या माणसाने, आणि त्याची हकीगत सांगताना मला विशेष आनंद होतो. शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नाही, विमानदलात रडारचे काम शिकला, मग एका तांत्रिक संस्थेची पदविका घेतली. नोकरी ईएमआय कंपनीत, जी गाण्याच्या तबकड्यांसाठी आपल्याला माहीत आहे. पदार्थातून सर्व बाजूंनी किरण सोडले आणि पलीकडे किती उरले ते मोजले, तर संगणकाकडून आतील प्रत्येक ठिपक्याचा हिशेब सोडविता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. त्याचे पहिले प्रायोगिक यंत्र एका जुन्या लेथच्या बेडवर उभे केलेले होते. एका छेदाची मापे घ्यायला नऊ दिवस आणि ती सोडवायला संगणकाला अडीच तास लागले. १९७१ च्या १ ऑक्टोबरला लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात त्याने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. त्यामागचे गणित ॲलन कॉरमॅक यांनी स्वतंत्रपणे मांडलेले होते. १९७९ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. पुढे इटलीत व्हेरोना येथे मोझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंकूच्या आकाराच्या किरणझोताने एका फेरीत जबडा टिपणारे लहान यंत्र सिद्ध केले व १९९८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जपानातही आराई यांनी त्याच सुमारास तसे यंत्र पुढे आणले. जबड्याची खोली, रुंदी, नसेचा मार्ग हे सारे आता दंतवैद्याच्या टेबलावर आले.

पण पडद्यावर रेघ ओढणे वेगळे आणि जबड्यात ती रेघ उतरविणे वेगळे. त्यासाठी संगणकाचा आकडा यंत्राच्या हातात यावा लागतो. ही गोष्ट घडली कारखान्यात. अमेरिकेतील मिशिगनचा जॉन पार्सन्स हा कॉलेजात न गेलेला कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. त्यांचे वक्र कापण्यासाठी आकड्यांच्या पट्टीने यंत्र चालवावे, ही त्याची कल्पना. १९४९ मध्ये अमेरिकन वायुदलाने त्याला पैसा दिला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत १९५२ च्या सप्टेंबरात तसे मिलिंग यंत्र लोकांपुढे चालवून दाखविले गेले. ब्रोनेमार्कच्या सशाचा सुमारही तोच. एका टोकाला हाडाने धातू धरला, दुसऱ्या टोकाला यंत्राने आकडा धरला. आणि या दोन गोष्टींची गाठ पडायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे जावी लागली.

येथे मला थोडे घरचे सांगू द्या. मी उमेदवारीला लागलो त्या कारखान्यात मार्किंगच्या टेबलावर एक वयस्क मिस्त्री होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. नवी कास्टिंग आली की ते आधी तिच्याभोवती फिरत, बोटाच्या पेराने चाचपत, मग रेघ ओढीत. कास्टिंग वाकडी असली तर ते भोक तेवढे सरकवून घेत, आणि टाकाऊ ठरणारा नग वाचवीत. हे कोणत्याही ड्रॉइंगमध्ये लिहिलेले नव्हते. पुढे आकड्यांवर चालणारी यंत्रे आली. मामांना पॅकिंगला बसविले. त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतले नाही, कोणी विचारलेही नाही. पहिल्या महिन्यात वाकड्या कास्टिंगचे किती नग त्या यंत्राने अगदी बिनचूक चुकीच्या जागी भोक पाडून भंगारात घातले, ते मी मोजले आहे. आम्ही भांडलो ते पगाराच्या श्रेणीसाठी, आणि ती टिकविली. त्यांच्या हाताच्या विद्येसाठी मात्र भांडायचे आम्हाला सुचले नाही. ती चूक माझी आहे व ती मला अजून सलते.

आता जबड्याकडे परत येऊ. आकड्यावरून वस्तू घडविण्याची आणखी एक रीत निघाली. द्रवरूप राळेवर प्रकाशाचा किरण फिरवून थरावर थर घट्ट करीत जायचे. जपानात नागोयाच्या कोदामा यांनी १९८१ मध्ये तिचे वर्णन केले, आणि अमेरिकेत चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. या रीतीने एकच नग काढणेही परवडते. जबड्याला हाच जिग हवा होता. १९९० च्या दशकात अमेरिकेत व बेल्जियममध्ये जबड्याच्या चित्रावर स्क्रूची योजना करण्याचे संगणकी कार्यक्रम निघाले. मग त्या योजनेवरून साचा घडवून त्यात धातूची कडी बसविली जाऊ लागली. २००२ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन येथील व्हान स्टीनबर्गे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर शस्त्रक्रियेआधीच दातांची पंक्ती तयार ठेवून, त्याच बैठकीत ती वरच्या जबड्यावर चढविल्याचे प्रसिद्ध केले. हिरडी फाडून उघडण्याची गरज पुष्कळ ठिकाणी उरली नाही. सूज कमी, वेदना कमी, वेळ कमी. जबडा कापावा लागलेल्या माणसाला पायातले हाड काढून त्याचा नवा जबडा बांधतात. त्या कामातही हाड कोठे व कोणत्या कोनात कापायचे ते असेच साचे दाखवितात. या लाभाबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तर मग चूक संपली काय? नाही. २०१८ मध्ये अशा वीस अभ्यासांतील दोन हजारांहून अधिक स्क्रूंचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. योजना आणि प्रत्यक्ष यांत सरासरी फरक असा : भोकाच्या तोंडाशी १.२ मिलिमीटर, तळाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात साडेतीन अंश. हाताने केलेल्या कामाशी तुलना करता ही प्रगती आहे. पण सरासरी म्हणजे सर्वांचे नशीब नव्हे. काहींच्या वाट्याला याहून जास्त फरक येतो. म्हणूनच नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. चित्र काढताना रुग्ण हलला, ठसा नीट उमटला नाही, साचा घडताना किंचित वाकला, मऊ हिरडीवर बसताना सरकला, कडे आणि ड्रिल यांत थोडी ढिलाई राहिली, तर प्रत्येकाची लहानशी चूक एकमेकींत मिळते. साच्याच्या कड्यामुळे थंड पाण्याची धारही ड्रिलच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही, ही आणखी एक अडचण. जिगने चूक नष्ट केली नाही. तिला हातातून उचलून आधीच्या टेबलावर नेऊन ठेवले. जेथे ती आता आहे तेथे ती सहजी दिसत नाही, हाच तिच्यातला धोका आहे. वाकड्या कास्टिंगवर बिनचूक चुकीचे भोक पाडणाऱ्या यंत्राची गोष्ट मी आपल्याला उगाच सांगितली नाही.

साच्यापुढची पायरी म्हणजे साच्याविना मार्गदर्शन. लंडनमध्ये हॉर्सली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्याच्या डोक्यावर चौकट बसवून मेंदूतील नेमका बिंदू गाठण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. तिचाच वंशविस्तार होत होत आज कॅमेरा ड्रिलकडे व रुग्णाकडे एकाच वेळी पाहतो आणि पडद्यावर ड्रिलची जागा दाखवितो. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दंतरोपणासाठी एका यंत्रहस्ताला मान्यता दिली. तो सर्जनचा हात ठरलेल्या वाटेवर धरून ठेवतो. २०१७ च्या सप्टेंबरात चीनमध्ये शियान येथे झाओ यीमिन यांच्या पथकाच्या देखरेखीखाली यंत्राने एका बाईच्या तोंडात दोन स्क्रू आपणहून बसविले. डॉक्टर शेजारी उभे होते, पण त्यांचा हात ड्रिलवर नव्हता. आज ते शेजारी उभे होते. उद्या ते उभे असतील काय, आणि असले तरी चूक ओळखण्याइतका त्यांचा हात तेव्हा तयार उरला असेल काय? जो सर्जन पहिल्या दिवसापासून साच्यातूनच ड्रिल उतरवितो, त्याला साचा हललेला बोटाला कसा कळावा? मामांच्या वेळी जो प्रश्न मला सुचला नाही, तो आज डॉक्टरांच्या दारात उभा आहे.

नव्या यंत्राला मी विरोध करतो असे कोणी समजू नये. यंत्रे फोडून कामगाराचे भले झाल्याचा दाखला इतिहासात नाही. परंतु कोणतेही यंत्र दारात आले की तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला आयुष्याने शिकविले. चूक कोठे गेली? कौशल्य कोठे गेले? आणि लाभ कोठे गेला?

पहिल्या दोहोंविषयी मी बोललो. तिसऱ्याविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी माणसांना दातांचे वा तोंडाचे काही ना काही दुखणे आहे, आणि त्यांतील चारांपैकी तीन माणसे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. त्यांपैकी बहुतेकांना जिगही नको आहे आणि यंत्रहस्तही नको आहे. त्यांना वेळेवर दात साफ करून, कीड भरून देणारा माणूस हवा आहे. दात राखण्याची व्यवस्था नसलेल्या समाजात दात रोवण्याची विद्या कितीही पुढे गेली, तरी ती जिन्याच्या वरच्याच पायरीवर राहते. उलट थोडक्यात पुष्कळ साधण्याची उदाहरणेही आहेत. २००२ मध्ये कॅनडात मॉन्ट्रिऑलच्या मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, ज्याचे खालचे सगळे दात गेले त्याला नुसती कवळी न देता दोन स्क्रू आणि त्यांवर अडकणारी कवळी हा पहिला उपाय मानावा. आठ नव्हे, सहा नव्हे, दोन. सार्वजनिक रुग्णालयांनी एवढे जरी मनावर घेतले, तरी लाखो म्हाताऱ्या माणसांना भाकरी चावता येईल.

माझ्या जबड्यात तेच दोन स्क्रू आहेत. पतपेढीचे कर्ज काढले, हप्ते फिटले. शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी साचा बसविला, बोटाने चहूबाजूंनी दाबून पाहिला, काढला, पुन्हा बसविला आणि मग एक बारीकसा आरसा धरून कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. त्यांच्या हाताखालची मुलगी म्हणाली, "सर, कॉम्प्युटरवर तर बरोबर आहे." ते म्हणाले, "कॉम्प्युटरवर आहे गं, तोंडात आहे का ते बघतोय." मी भूल दिलेल्या तोंडाने खुर्चीत पडलो होतो, बोलणे शक्य नव्हते. पण मला कास्टिंगभोवती फिरणारे आमचे मामा दिसले.

आज आपल्यापुढे मी तासभर बोललो आणि कवळी जागची हलली नाही. याचे श्रेय सशाच्या हाडाला, लेथच्या बेडला, आकड्यांच्या पट्टीला आणि त्या दाबून पाहणाऱ्या बोटाला मिळून आहे. पहिल्या तिघांची काळजी घेणारे जगात पुष्कळ आहेत. त्या बोटाची काळजी आपण घेतली पाहिजे.